चिवडा विरुद्ध भडंग

"बाबा, बाकी काही विसरलात तरी चालेल, पण दोघांना एकत्र ठेवायचं नाही," पल्लवीने दारात सँडलचा पट्टा लावता लावता पुन्हा एकदा बजावलं. खाली तिचा नवरा दीपक गाडीचा हॉर्न वाजवत होता. मालेगावला पल्लवीच्या मामेबहिणीचं लग्न होतं आणि हळदीपासून रिसेप्शनपर्यंत सगळं गाठायचं होतं.

"तू जा निर्धास्त," खंडेराव म्हणाले. "आख्खं गाव सांभाळलंय मी. ह्या तर दोन पाली हायेत."

"गेको, बाबा. लेपर्ड गेको."

"तेच ते."

हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी काचेच्या दोन पेट्या होत्या आणि प्रत्येकीवर एकेक बल्ब. आत पिवळेधमक, काळ्या ठिपक्यांचे, जाडजूड शेपटाचे दोन प्राणी कायम गालातल्या गालात हसत असल्यासारखे बसून असत. एकाचं नाव चिवडा, दुसऱ्याचं भडंग. दोघं एकाच मादीची पिल्लं, पल्लवीने पुण्याहून आणलेली. चिवडा भित्रा होता, दगडाखालून नाक तेवढं बाहेर काढायचा. भडंगला मात्र आपण या घराचे मालक आहोत असं मनापासून वाटे. खंडेरावांची बायको लंकाबाई सुनेची हौस म्हणून हे चालवून घेत, पण पेट्यांच्या बाजूला पदर आडवा धरल्याशिवाय त्यांनी टीव्हीवरची एकही मालिका पाहिली नव्हती.

"लोकं पाली झाडूनं हाकलत्यात," त्या म्हणत, "आमची सून त्यांना शेकोटी करून देती."

खंडेरावांना मात्र हे काम मिळाल्याचा मनातून फार आनंद झाला होता. दिवाळीनंतर बोरवाडीहून मुलाकडे नाशिक रोडला राहायला आल्यापासून त्यांच्या हाताला काम उरलं नव्हतं. गावात ते तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. बांधाचे तंटे, विहिरीचे तंटे, सासवा-सुनांचे तंटे, सगळे त्यांच्या ओट्यावर यायचे आणि चहा पिऊन मिटून जायचे. गावाला पुरस्कार मिळाला होता आणि त्याच्या प्रमाणपत्राची भलीमोठी फ्रेम ते बरोबर घेऊन आले होते. नव्या फ्लॅटच्या भिंतीला खिळा मारायचा नाही असं दीपकचं म्हणणं पडल्यामुळे ती चपलांच्या कपाटावर टेकवून ठेवलेली होती. इथे कुणी त्यांच्याकडे तंटा आणत नव्हतं. दूध आणायला जावं म्हटलं तर तेही मोबाइलवरून यायचं. सुनेने विश्वासाने हातात दिलेली ही पहिलीच जबाबदारी होती. ती निभावली नाही, तर आपणही या घरात चपलांच्या कपाटावरच राहणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. अध्यक्षांच्या कारकिर्दीत गावातला एकच तंटा मिटला नव्हता आणि तो त्यांचा स्वतःचा होता. पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा निघणार, यावरून त्यांचं आणि धाकट्या भावाचं, गोटीरामचं, वाजलं होतं. त्यानंतर बैल गेले, दोघांकडे ट्रॅक्टर आले, पण भांडण बैलांचंच राहिलं. भाऊ भावाशी कित्येक वर्षांत बोललेला नव्हता.

पहिला दिवस सुरळीत गेला. खंडेरावांनी चिमट्याने अळ्या भरवल्या, पाण्याच्या वाट्या धुतल्या, आणि संध्याकाळी पल्लवीला फोनवर "दोन्ही पार्ट्या शांत हायेत" असा अहवालही दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणी होती. बाटलीने कोपऱ्यात पाण्याच्या दोन पिचकाऱ्या मारा, असं पल्लवीने सांगितलं होतं. पण ज्याने उभा जन्म द्राक्षबागेवर औषध मारलं, त्याचं दोन पिचकाऱ्यांनी समाधान कसं व्हावं? फवारणी म्हणजे पानाच्या वरून, पानाच्या खालून आणि घडाच्या आतून, हे त्यांच्या हातात बसलेलं होतं. त्यांनी पेटीतला दगड, प्लास्टिकची वेल, काचा, सगळं निथळेपर्यंत भिजवलं. शेवटचा फवारा चिवड्याच्या पेटीवरच्या तापलेल्या बल्बवर बसला आणि बल्ब फाटकन फुटला. काचा जाळीवर अडल्या, चिवड्याला काही झालं नाही, पण त्याची ऊब गेली.

"आला का डावणी रोग आटोक्यात?" लंकाबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

डिसेंबरचं नाशिक होतं. लोक घरात स्वेटर घालून बसले होते. खंडेराव तडक बिटको चौकात गेले आणि विजेच्या सामानाची सगळी दुकानं पालथी घातली. प्रत्येक जण एलईडी दाखवत होता.

"काका, हात लावून बघा, अजिबात गरम होत नाही," एक दुकानदार कौतुकाने म्हणाला. "विजेची किती बचत होते!"

"मला वीज नाय वाचवायची रे बाबा, पाल वाचवायचीय."

दुकानदाराने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पिंजऱ्याचे बल्ब विकणारा एक जण फोनवर सापडला, पण तो म्हणाला, मागवावा लागेल, चार दिवस जातील. खंडेराव हात हलवत परत आले. चिवडा दगडाखाली मुटकुळं करून पडला होता. शेजारच्या पेटीत भडंग बल्बखाली हातपाय पसरून ऊन खात होता.

हे दृश्य पाहिलं आणि खंडेरावांमधला अध्यक्ष जागा झाला. एका आईची दोन लेकरं. एक उबेत लोळतंय, दुसरं गारठून मरतंय, आणि मध्ये नुसती काच!

"ह्याला त्याच्यात सोडतो," ते म्हणाले.

"आवं, ती नको म्हणली ना?"

"शहरातल्या पोरींना वेगळं राहायचीच सवय. अगं, भावाभावांत वेगळी चूल कधी नीट चाललीय का?"

"बरं," लंकाबाई म्हणाल्या. "मग गोटीराम भाऊजींना कधी बोलवता जेवायला?"

"त्याचा विषय इथं कुठून आला?"

खंडेरावांनी डोक्यावरची टोपी काढली, चिवड्याला तिच्यात अलगद घेतलं आणि भडंगच्या पेटीत सोडलं. दोघं एकमेकांकडे बघत थबकले. खंडेरावांनी जाळीवर हात टेकून त्यांना नेहमीचे चार शब्द सांगितले. "हे पाहा, घर एक, दिवा एक. जुनं उकरून काढायचं नाय. समजुतीनं घ्यायचं." भडंगने शेपूट हळूच उचललं आणि डावीकडून उजवीकडे हलवलं. ते पाहून खंडेरावांना भरून आलं. शेपूट हलवणं म्हणजे प्रेम, हे ज्ञान त्यांना कुत्र्यांकडून मिळालेलं होतं. त्यांनी लगेच समितीचे जुने सचिव वाल्मीक यांना बोरवाडीला फोन लावला.

"वाल्मीक, पाली नांदवल्या!"

"काय सांगता अध्यक्ष! दोन्ही पार्ट्या राजी?"

"एकानं तर शेपूट हलवून मान्यता दिली."

"मग ठराव पास," वाल्मीक म्हणाला.

या यशावर चहा झालाच पाहिजे होता. खंडेराव स्वयंपाकघरात आधण ठेवायला गेले, तेवढ्यात हॉलमधून लंकाबाईंची किंकाळी आली. पेटीत वाळू उडत होती. भडंगने चिवड्याला मानेपाशी धरलं होतं आणि चिवड्याचं शेपूट चिवड्याला सोडून एकटंच वाळूवर नाचत होतं. खंडेरावांनी हाताशी आलेला झारा मध्ये घालून पार्ट्या बाजूला केल्या. भडंग झाऱ्यालाही चावला.

चिवडा कोपऱ्यात धापा टाकत होता. मानेवर दाताची खूण, मागे लालभडक थोटूक. आणि तेव्हा एक अघटित घडलं. आजवर पदराआडून पाहणाऱ्या लंकाबाई पुढे झाल्या, "अगं बाई, लेकराला लागलं की!" म्हणाल्या आणि हळदीचा डबा घेऊन आल्या. मुळातच पिवळ्या प्राण्याला त्यांनी आणखी पिवळं केलं.

दवाखान्यात न्यायला पोळ्यांचा डबा घेतला. खंडेरावांनी त्याच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडली. भिंतीला बंदी असलेला खिळा असा शेवटी कामाला आला. लंकाबाईंना डब्याचं दुःख झालं, पण त्यांनी आत आपलं मऊ लुगड्याचं फडकं घातलं. प्राण्यांच्या दवाखान्यात बाकावर सगळे कुत्र्यांचे मालक होते. एका बाईंनी डब्याकडे बघून विचारलं, "काय झालंय हो?"

"घरगुती वाद," खंडेराव म्हणाले.

डॉक्टर योगिनी तरुण होत्या, पण असल्या प्राण्यांची त्यांना माहिती होती. त्यांनी चिवड्याला हातात घेतलं, मान तपासली आणि बोटाला लागलेला पिवळा रंग निरखला.

"हे काय?"

"हळद," लंकाबाई म्हणाल्या.

"आणि या दुसऱ्या डबीत?"

"मुद्देमाल," खंडेराव म्हणाले आणि त्यांनी डबी उघडून शेपूट टेबलावर ठेवलं. "जोडता येईल का?"

डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क उगाचच वर सरकवला. त्यांचे डोळे हसत होते. "नाही जोडता येत. नवीन येईल, पण आधीसारखं लांब नाही. आखूड आणि फुगीर, मुळ्यासारखं. जखम फार खोल नाही. हळद धुऊन टाकते. मलम देते, सकाळ-संध्याकाळ लावा. खाली वाळू नको, साधा टिश्यू पेपर अंथरा. ऊब मात्र हवीच. एकत्र कुणी सोडलं यांना?"

"मी. म्हणजे, भाऊ हायेत ना दोघं."

"दोघंही नर आहेत, काका. यांच्यात भाऊबीऊ काही नसतं. एकत्र ठेवले की चावणारच. नुसते वेगळे ठेवून भागत नाही, एकमेकांना दिसायलासुद्धा नकोत. मध्ये काहीतरी आडवं लावा."

खंडेरावांनी आयुष्यभर लोकांना समोरासमोर बसवलं होतं. तोंडं फिरवून बसा म्हणजे तंटा मिटेल, असा निवाडा त्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

घरी आल्यावर आडवं लावायला काही सापडेना. पुठ्ठा मऊ पडत होता, पाट बुटका होता. शेवटी लंकाबाईंनी चपलांच्या कपाटावरची फ्रेम उचलली आणि दोन पेट्यांच्या मध्ये उभी केली. ती अगदी मापात बसली. एका बाजूने चिवड्याला फ्रेमची पाठ दिसत होती, दुसऱ्या बाजूने भडंग तंटामुक्त गावाचं प्रमाणपत्र वाचत बसला होता. चिवड्याच्या पेटीखाली लंकाबाईंनी आपली गुडघे शेकायची गरम पाण्याची पिशवी सरकवली. त्यांचे गुडघे त्या थंडीत तसेच दुखत राहिले.

तेवढ्यात पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला. मागे सनई, पोरांचा गलका, पल्लवीच्या हातभर मेंदी.

"बाबा, दोघांना दाखवा ना! करमत नाहीये मला."

खरं बोलावं तर पोरीचा लग्नातला आनंद नासणार. खोटं बोलावं तर अध्यक्षाने कुठल्या तोंडाने बोलावं? त्यांनी मधला मार्ग काढला. भडंगला आधी डावीकडून दाखवलं, मग मोबाइल घेऊन खोलीला एक चक्कर मारली आणि त्याच भडंगला उजवीकडून दाखवलं.

"चिवडा आज जाड दिसतोय," पल्लवी म्हणाली.

"खातो आता," खंडेराव म्हणाले. फोन बंद झाल्यावर ते सोफ्यावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "लंके, आजवर लोकांच्या खोट्या साक्षी पकडल्या गं मी."

"पकडल्या, पण देता येत नाय तुम्हाला," लंकाबाई म्हणाल्या. "ते राहू द्या. पिशवी किती वेळ पुरणार? गोटीराम भाऊजींकडं पोल्ट्रीचे बल्ब हायेत. पिलांना ऊब द्यायचे. लावा फोन."

"मी नाय लावणार."

"मग मी सांगते सुनंला, सासऱ्याच्या मानापायी पाल गेली म्हणून."

खंडेरावांनी पेटीकडे पाहिलं. चिवडा डोळे मिटून पिशवीच्या बाजूला सरकला होता. इतकुसा जीव, त्यांच्यावर विश्वासाने सोपवलेला. त्यांनी नंबर लावला. पलीकडून "हां" आलं.

"बल्ब हाय का?" खंडेराव म्हणाले.

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता.

"हाय," गोटीराम म्हणाला. "येतो घेऊन सकाळी." मग लंकाबाईंनी फोन घेऊन चिवड्याची हकिगत आणि घराचा पत्ता सांगितला.

सकाळी गोटीराम मोटारसायकलवरून आला. मफलरमध्ये गुंडाळलेला बल्ब त्याने बाळासारखा छातीशी धरला होता. खंडेरावांनी दार उघडलं. दोघांनी एकमेकांच्या केसांकडे पाहिलं. दोघांचेही पिकले होते.

"पेशंट कोणता?" गोटीरामने विचारलं.

"हा. थोरला."

बल्ब लागला. लाल उजेडात चिवड्याने डोळे उघडले आणि पोट सैल सोडून आडवा झाला. इथेच गोटीरामने चहा पिऊन निघायला हवं होतं, पण तो पेट्यांपुढे मांडी घालून बसला.

"थोरला कशावरून?"

"सून म्हणती, अंड्यातून आधी हा निघला."

"आन् चावला कोण?"

"तो धाकटा."

"धाकट्याच्या घरात हा घुसला कसा?"

"मी सोडला."

"मग चावल नाय तं काय ओवाळल?"

"थोरल्याचा काही मान असतो का नाय?" खंडेरावांचा आवाज चढला.

"मान मागून भेटत नसतो, दादा!"

"मागून? अरे, वेशीतून पहिला निघायचा हक्कच होता त्याचा!"

"बैल माझा तगडा होता!"

पाली मागे पडल्या आणि बैल आले, हे लंकाबाईंनी ओळखलं. काचेआड भडंगसुद्धा मान उंच करून ऐकत होता. त्यांनी चहाचे दोन कप भरले, एक दिराच्या हातात देऊन त्याला बाल्कनीत बसवलं, दुसरा नवऱ्याच्या हातात देऊन त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि मधलं दार लोटलं.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय," त्या म्हणाल्या, "समोरासमोर ठेवायचं नाय."

घर शांत झालं. थोड्या वेळाने बाल्कनीतून आवाज आला, "दादा, बल्ब किती उंचावर लावला?"

"वीतभर."

"अजून वर घे. पिलं भाजत्यात."

"घेतो. तुझ्या खोकल्याचं काय झालं रे?"

"कमी हाय. तुझी शुगर?"

"हाय आपली."

भिंतीआडून असं छान चाललं होतं. वांग्याचा भाव झाला, वाल्मीकच्या मुलाची नोकरी झाली. तेवढ्यात बेल वाजली. दारात पल्लवी उभी होती, अंगावर लग्नातली पैठणी, डोळे सुजलेले. मागे दीपक बॅगा घेऊन. त्यांनी तर उद्या यायचं होतं.

"बाबा, चिवडा कुठंय?"

खंडेराव कप खाली ठेवून बाहेर आले. ते ताठ उभे राहिले, टोपी सारखी केली आणि गावच्या ओट्यावर ज्या आवाजात निकाल देत, त्याच आवाजात म्हणाले, "सूनबाई, ह्या तंट्यात चिवड्याची चूक नाय. भडंगचीबी नाय. चूक पंचाची हाय. तू नको म्हणली होती, मी एकत्र सोडलं. त्याचं शेपूट गेलं. आन् काल मी तुला खोटं दाखवलं. आता तू सांगशील ते कबूल."

पल्लवीने पुढचं ऐकलंच नाही. ती पेटीपाशी जाऊन गुडघ्यांवर बसली, जाळी उघडली आणि हात आत घातला. चिवडा तिच्या तळव्यावर चढला, थोटूक वर करून. पल्लवी रडायला लागली. खंडेरावांना वाटलं, संपलं, आता गावाकडची गाडी धरावी.

"जिवंत आहे!" पल्लवी हुंदके देत म्हणाली. "काल तुम्ही भडंगलाच दोनदा दाखवलंत, बाबा. त्याच्या डोळ्यावरचा ठिपका मला ओळखू येत नाही का? मला वाटलं चिवडा गेला, आणि लग्न आहे म्हणून तुम्ही सांगत नाही. रिसेप्शन सोडून आले मी. शेपूट काय, शेपूट येईल!" तिने डोळे पुसले आणि पेटीशेजारची मलमाची ट्यूब उचलून खंडेरावांसमोर धरली. "याला लावायचं पण तुम्हीच. सकाळ-संध्याकाळ. मला मीटिंगा असतात."

खंडेरावांनी ट्यूब दोन्ही हातांनी घेतली. मग ती सदऱ्याच्या खिशात जपून ठेवली.

"पण हे प्रमाणपत्र इथे कशाला?" दीपकने विचारलं. "मी प्लायवूड आणतो."

"राहू दे," लंकाबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी कामाला लागलंय."

चिवड्याचं नवं शेपूट आलं, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे अगदी मुळ्यासारखं. ते किती आलं याची चौकशी करायला गोटीरामचा रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. शेपटावरून गोष्ट कोंबड्यांवर जाई, कोंबड्यांवरून पावसावर आणि पावसावरून लहानपणावर. पोळ्याचाही निकाल फोनवरच लागला. थोरल्याचा ट्रॅक्टर वेशीतून, धाकट्याचा मागच्या रस्त्याने, दोघांनी एकाच वेळी निघायचं, म्हणजे पहिला कोण हे कुणालाच दिसणार नाही. वाल्मीकने ठराव पास केला.

हे सगळं बघून पल्लवीला फार बरं वाटलं. एका संध्याकाळी तिने कौतुकाने खंडेरावांच्या मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून दिला. "बाबा, नुसतं बोलता कशाला? बघा ना एकमेकांना!"

पडद्यावर गोटीराम आला. दोघं भाऊ एकमेकांकडे बघत थबकले.

"तुझ्या मागं भिंतीवर कुणाचा बैल हाय रे फोटोत?" खंडेराव म्हणाले.

"माझा. वेशीतला."

"पहिला निघल्यासारखा दिसू राह्यला."

"निघलाच होता!"

"अरे, हक्क कुणाचा होता?"

लंकाबाई उठल्या, त्यांनी मोबाइल टेबलावर उपडा ठेवला आणि पुन्हा भाजी निवडायला बसल्या. मोबाइलच्या खालून गोटीरामचा आवाज आला, "बरं, ते जाऊ दे दादा. शेपूट किती आलं?"

"बोटाएवढं झालं," खंडेराव म्हणाले, आणि पुढे अर्धा तास ते दोघं बोलत होते.